लिंबासमोरची भिंत

माझा नातू शहरात घरांचे नकाशे काढतो. मागच्या महिन्यात आला तेव्हा त्याने एक मोठा कागद माझ्यापुढे पसरला. कुणा पैसेवाल्याचं घर होतं, आणि त्याची रस्त्याकडची अख्खी भिंत काचेची होती. जमिनीपासून छतापर्यंत नुसती काच. "आजी, घरात काय उजेड येईल बघ!" तो म्हणाला. मी म्हटलं, "येईल की. आणि घरातल्या बाया कुठं जातील?" तो हसला. आता तसं काही राहिलं नाही म्हणाला, आता आतून पडदे लावतात. म्हणजे आधी चांगली भिंत सोडायची, तिथं काच बसवायची आणि मग त्या काचेवर कापडाची भिंत टांगायची! हे शहाणपण मला नवं नाही. आमच्या मामंजींनी ते निजामाच्या राज्यातच करून दाखवलं होतं, आणि तेही वडवणीच्या वाटेवरच्या एका खेड्यात, जिथं काच म्हटली की लोकांना कंदिलाची किंवा बांगडीची, एवढीच माहीत.

मामंजी म्हणजे माझे सासरे. गावचे देशमुख. अंगाने किरकोळ, आवाजाने मोठे. हुजरे पुष्कळ, पण ऐकून घेण्याची सवय नाही. माणूस वाईट नव्हता असं त्यांच्या माघारी सगळे म्हणायचे, आणि हे वाक्य ज्याच्याबद्दल म्हणावं लागतं त्याच्याबद्दल काय ते समजून घ्यावं.

आमचं घर माळवदाचं होतं. सागवानी खांबांवर तुळया, तुळयांवर फळ्या आणि फळ्यांवर हातभर पांढऱ्या मातीचा थर, असं सपाट छत. भिंती दगडमातीच्या, दोन हात रुंद. चैत्र-वैशाखात बाहेर कावळा चोच उघडून बसायचा तेव्हाही आत गारवा असे. रस्त्याच्या बाजूला पुरुषांची बैठक आणि बैठकीला लागून कोठीची खोली. त्या खोलीत ज्वारीच्या कणग्या असत. धान्याला हवा लागावी म्हणून तिच्या रस्त्याकडच्या भिंतीत एक झरोका ठेवलेला होता, आतून वीतभर आणि बाहेर जाईपर्यंत चार बोटांचा. आतून डोळा लावला की समोरचा रस्ता, रस्त्यापलीकडचं कडुलिंबाचं झाड आणि झाडाखाली टेकलेली माणसं दिसायची. बाहेरच्याला मात्र काळोखाशिवाय काही दिसायचं नाही. ज्याने कुणी ती भिंत बांधली त्याला अक्कल होती.

घरात गोषा होता. देशमुखाच्या सुनेचं नख परक्या पुरुषाला दिसता कामा नये. मी चौदाव्या वर्षी त्या घरात आले आणि पहिली तीन वर्षं मला गाव म्हणून जे ठाऊक होतं ते त्या चार बोटांतून. पण मी झरोक्याशी जायची ती गाव बघायला नव्हे. मी जायची आबांना बघायला.

आबा म्हणजे माझे वडील. माझं माहेर तेलगावच्या बाजूला, दोन कोसांवर. मला भाऊ नव्हता. आमच्याकडे रीत अशी की लेकीला मूल होईपर्यंत बापाने तिच्या सासरचं पाणीसुद्धा प्यायचं नाही, आणि आबा रीतीच्या बाबतीत सुतळीच्या तोड्यासारखे सरळ. ते आमच्या पायरीला पाय लावत नसत. दिवाळीला आणि नागपंचमीला चुलतभाऊ न्यायला यायचा, तेवढंच माहेर. पण वडवणीच्या आठवडी बाजाराची वाट आमच्या दारावरून जात होती. लग्नानंतर पहिल्याच बाजाराला आबा लिंबाखाली थांबले, पटका सोडला, झटकला आणि सावकाश पुन्हा बांधला. मी कोठीत ज्वारी काढायला गेले होते. झरोक्यातून ते दिसले तेव्हा मला रडू आलं. हाक मारायची सोय नव्हती. मी कणगीमागचं कडब्याचं एक धाट घेतलं, त्याचं टोक झरोक्यातून बाहेर काढलं आणि हलवलं. आबांनी ते बघितलं. पटक्याचा शेवट खोचला आणि काही न झाल्यासारखे चालू लागले.

पुढे तीन वर्षं, दर बाजाराला, हे असंच चाललं. आबा थांबायचे, मी धाट हलवायची, आबा निघायचे. ही गोष्ट आम्ही कुणाला सांगितली नाही आणि माहेरी गेल्यावर एकमेकांशीही कधी बोललो नाही. घरात सगळ्यांना वाटायचं, सुनेला ज्वारी निवडायची फार आवड.

मग मामंजी हैदराबादला गेले. जमिनीचं काही काम होतं. दीड महिना राहिले आणि येताना ते काम अर्धवट ठेवून डोक्यात काच घेऊन आले. तिथे कुणा नवाबाच्या बंगल्याचा पुढचा दिवाणखाना त्यांनी बघितला होता. सगळा दर्शनी भाग तावदानांचा, आत झुंबर, गालिचे, आणि रस्त्यावरून जाणारा माणूस थबकून बघतो. हे थबकून बघणं मामंजींना फार भावलं. रात्रीच्या जेवणाला ते आम्हाला ऐकू जाईल अशा आवाजात माझ्या नवऱ्याला सांगत होते, "अरे, आपुन काय घुबडं हाव का? देशमुखाच्या घरात उजेड पाहिजे, रुबाब पाहिजे! ह्या मातीच्या भिती कुणब्याला ठीक हायत."

नवाबाच्या बंगल्याभोवती बाग होती, बागेभोवती गडकोटासारखी भिंत होती, आणि जनाना मागे वेगळा होता. हे सगळं मामंजींच्या नजरेतून निसटलं. माणूस दुसऱ्याच्या घरात गेला की त्याला हवं तेवढंच दिसतं.

मार्गशीर्षात तावदानं आली. परभणीपर्यंत आगगाडीने आणि पुढे गोदावरी उतरून बैलगाड्यांनी, गवतात आणि कडब्यात गुंडाळून. बाळंतिणीलाही कुणी इतक्या हळू आणत नाही. त्यांच्याबरोबर हैदराबादचा एक मिस्त्री आला. तो चौकटी करणार होता. भिंत पाडायला मात्र गावचा म्हातारा गवंडी बोलावला. त्याच्याच बापाने ती भिंत बांधली होती.

त्या दिवशी मी आणि आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, बैठकीच्या आतल्या दाराआड उभ्या होतो. गवंडी डोकं खाजवत म्हणाला, "सरकार, भीत पाडतो, तुळईला खांब देतो. पर चौकट अन् तुळईत दोन बोटं जागा सोडा. माळवद हाय हे. दरसाल वर माती पडती. वजनानं तुळई खाली बसती."

मामंजी म्हणाले, "दोन बोटं फट ठेवू? वारं येईल, धूळ येईल. नवाबाच्या बंगल्यात फट नव्हती."

"नवाबाच्या डोक्यावर माळवद व्हतं का, सरकार?"

एवढ्यावर गवंड्याचं काम संपलं. त्याला भिंत पाडायची मजुरी देऊन वाटेला लावलं आणि हैदराबादच्या मिस्त्रीने चौकटी तुळईला घट्ट ठोकल्या, सुई जाणार नाही अशा. बिचाऱ्याचा दोष नव्हता. माळवद म्हणजे काय हे त्याला माहीत नव्हतं आणि ज्याला माहीत होतं त्याला हाकललं होतं. पण मला गवंड्याचं बोलणं लख्ख कळलं. आबा आमचं माळवद स्वतः करायचे. ओल्या मातीचं वजन मी लहानपणी डोक्यावर वाहिलेलं होतं.

मला तेव्हा माळवदाची काळजी नव्हती. बैठक लांब दिसावी म्हणून मामंजींनी कोठीची खोली तिच्यात मिळवून टाकली. कणग्या मागच्या पडवीत गेल्या आणि माझा झरोका दोन दिवसांत दगडांच्या ढिगात जमा झाला. मी नवऱ्याला हळूच म्हटलं होतं की कोठी तेवढी राहू द्या, धान्याला हवा लागते. तो म्हणाला, "वडलापुढं कोण बोलंल?" तो उभ्या जन्मात कुणापुढे बोलला नाही. स्वभावाने गरीब होता, मला त्याची दया यायची आणि रागही.

पौषात भिंत उभी राहिली. छत्तीस तावदानं. गाव बघायला लोटलं. लोक काचेला नाकं लावून आत बघायचे आणि नाकांचे ठसे सोडून जायचे, ते पुसायला एक गडी ठेवावा लागला. चिमण्यांनी काचेतल्या चिमण्यांशी भांडणं काढली आणि रोज दोन-चार मरून पडायच्या. वळू एकदा येऊन बराच वेळ स्वतःकडे बघत राहिला, मग तिथंच शेण टाकून गेला. सगळ्यांत नेमका अभिप्राय त्याचाच होता.

मामंजी आत बसायचे. आधी घरात असले की अंगात बंडी, डोकं उघडं, पाय पसरलेले. आता दिवसभर अंगरखा आणि पागोटं, कारण रस्त्यावरून माणूस बघतो. रस्त्याने जाणारा कुणबी काचेतून देशमुख दिसला की थांबून वाकून रामराम करायचा, मग मामंजींना आतून मान हलवावी लागायची. गड्यांचे दहा, बैलवाल्यांचे वीस, बाजारच्या दिवशी तर मोजदाद नाही. स्वतःच्या घरात पाठ खाजवायची चोरी झाली. एकदा त्यांना बसल्या बसल्या झोप लागली आणि तोंड उघडं पडलं. दुसऱ्या दिवशी पाणवठ्यावर पोरं त्यांच्या घोरण्याची नक्कल करत होती. रुबाब म्हणतात तो हाच असावा.

आमचं काय झालं ते सांगते. बैठकीच्या दारातून घरातला चौक दिसायचा, म्हणजे रस्त्यावरूनही आता चौक दिसू लागला. म्हणून दिवसा बायांनी चौकात यायचं नाही असा हुकूम निघाला. तुळस उचलून मागच्या दारी नेली. स्वयंपाकघरातून न्हाणीकडे जायचं तर गोठ्यामागून फेरा मारून जायचं, शेणात पाय घालत. मागची खोली आधीच अंधारी, तिचंही दार लावून घ्यायचं. आत्याबाई फार बोलणाऱ्या नव्हत्या. एक दिवस चुलीपुढे त्यांचा हात तव्याला लागला, दिसलंच नाही त्यांना. हात पाण्यात घालून त्या म्हणाल्या, "उजेड आला म्हणं घरात. मग आपुन कावून चाचपडाय लागलो?"

आणि बाजारचे दिवस येत राहिले. मागच्या खोलीत मला रस्त्यावरच्या बैलांच्या घुंगरांचा आवाज यायचा, माणसांचा कलकलाट यायचा. त्यात आबांची चाल ऐकू येते का म्हणून मी जात्यावरचा हात थांबवायची. काही कळायचं नाही. ते थांबत असतील का? मला वाटायचं, नसतील. लेकीच्या सासरात डोळे घालणारा तो माणूस नव्हे. काचेची भिंत बघितल्यावर मान खाली घालून सरळ निघून जात असतील, किंवा मागच्या ओढ्याच्या वाटेने जात असतील. धाट नाही, झरोका नाही, थांबायचं कशाला? कुणाला विचारायची सोय नव्हती. कासारीण यायची, माहेरची खुशाली सांगायची. पण तिच्या तोंडी ही गोष्ट दिली असती तर शिरूर कासारपर्यंत बांगड्यांबरोबर खपली असती. हळूहळू मला आबांचाच राग येऊ लागला. मामंजींचा यायचा त्याहून जास्त. मामंजींकडून अपेक्षाच नव्हती.

फाल्गुनापासून काचेने आपलं खरं रूप दाखवलं. आमच्याकडचं ऊन! सकाळी नऊपासून बैठकीत थांबवेना. गाद्या तापायच्या. पानाचा डबा हाताला चटका द्यायचा. चैत्रात मामंजींच्या अंगावर घामोळं उठलं आणि तरी अंगरखा काढायची सोय नाही. शेवटी त्यांनी धनगरांकडून बारा घोंगड्या घेतल्या आणि काचेवर आतून टांगल्या. काळ्या, जाड, बकरीच्या वासाच्या. मातीची भिंत कुणब्याला ठीक असं म्हणणारा माणूस आता घोंगड्यांच्या भिंतीआड बसून पंख्याने वारा घेत होता. तेव्हा तरी आम्हाला चौकात येऊ द्यायचं? छे! घोंगडी वाऱ्याने हलते. शिवाय बाजारच्या दिवशी सगळ्या घोंगड्या उतरवल्या जायच्या. आठवड्यातून एक दिवस दहा गावची माणसं दारावरून जाणार आणि त्यांनी काच बघायची नाही? त्या दिवशी मामंजी अंगरखा, पागोटं घालून सकाळपासून त्या भट्टीत बसायचे आणि संध्याकाळी त्यांच्या डोक्यावर कांद्याचा रस चोळावा लागायचा. चोळायला अर्थात आत्याबाई.

ज्येष्ठ उजाडला. आमच्याकडे पावसाआधी माळवदावर नवी माती टाकतात. गावाबाहेरच्या पांढरीची माती आणायची, ढेकळं फोडायची, एक थर पसरायचा, चोपायचा. गळती बंद होते. दरसाल एक थर. त्या साली मामंजींच्या मनात आलं की काचेच्या चौकटींवर पाण्याचा थेंब पडता कामा नये, रंग जाईल. म्हणून बैठकीवर एका थराऐवजी दोन थर टाका. गडी माणसं एकमेकांकडे बघत राहिली, पण देशमुखाला कोण सांगणार? गवंड्याने एकदा सांगून बघितलंच होतं.

आत्याबाईंना मात्र धाकधूक वाटली. त्या दिवशी दुपारी भाकरी थापताना त्या म्हणाल्या, "सूनबाई, तुझ्या आबाचा हात चांगला हाय म्हणत्यात माळवदाला. दोन थरांनं काय व्हतंय गं? जड तर न्हाई व्हायचं?" त्यांनी मनापासून विचारलं होतं. मी जड होईल म्हटलं असतं तर त्या मामंजींच्या कानावर घालणार होत्या. माझं त्या घरातलं एकही बोलणं कधी कुणी विचारून घेतलं नव्हतं, ते पहिलं. मी परातीतलं पीठ सारखं केलं आणि म्हटलं, "न्हाई आत्याबाई. दोन थर बरे. आमच्याकडं बी दोनच टाकत्यात."

आमच्याकडे कधीच दोन टाकत नाहीत. कुणीच टाकत नाही. मी खोटं बोलले आणि त्या दिवशी मला भाकरी गोड लागली.

पाऊस लागला. माती पाणी प्यायली. चौथ्या-पाचव्या दिवशी तहसीलदार साहेब दौऱ्यावर आले होते, त्यांना मामंजींनी मुद्दाम बैठकीत बोलावलं. घोंगड्या उतरवल्या, काचा पुसल्या. आम्ही दोघी आतल्या दाराआड चहाची कपबशी पुढे सरकवायला उभ्या होतो. मामंजी हैदराबादच्या गोष्टी सांगत होते. तेवढ्यात वरून टण् असा आवाज झाला. कोपऱ्यातल्या तावदानाला वरपासून खालपर्यंत चीर गेली होती. मामंजींनी आवाज चढवला आणि नवाबाच्या झुंबराचं वर्णन सुरू केलं. पुन्हा टण्. मग लागोपाठ दोन. मामंजी ओरडून बोलू लागले, जणू काच आवाजाला दबून गप्प बसेल. मग मधली चौकट वाकली आणि एक अख्खं तावदान निखळून गादीवर आलं, चहात काचा पडल्या.

तहसीलदार साहेब उठले, अंगरखा झटकला. वर तुळईकडे बघून म्हणाले, "देशमुख साब, आपकी दीवार तो बोलती है. जब चुप हो जाए, तब आएंगे." आणि जोडे घालून गेले.

मी इतके दिवस ज्याची वाट बघत होते ते झालं होतं. पण मी दाराच्या फटीतून बघितलं तर माझा नवरा त्या तुळईखालीच बसला होता, तोंड उघडं टाकून, हातात बशी धरून. तो तिथं रोज बसतो हे मला माहीत होतं. पीठ सारखं करताना ते माझ्या मनातही आलं नव्हतं. मी दाराची कडी घट्ट धरली. आत्याबाईंनी मला धरलं. त्यांना वाटलं मी आवाजाने घाबरले.

त्याच पावसात म्हाताऱ्या गवंड्याला बोलावणं गेलं. त्याने आल्या आल्या तुळईला दोन टेकू दिले, माळवदावरची माती उतरवायला लावली आणि शब्दानेही मागचं काढलं नाही. मामंजी मात्र दोन दिवस बोलतच होते. मिस्त्रीने फसवलं. काच कच्ची होती. शेवटी म्हणाले, गावाची नजर लागली. आता नजर लागायला नको होती तर काच कशाला लावली होती? सगळा खर्च नजरेसाठीच तर होता. पण हे मी मनात म्हटलं. उरलेली तावदानं काढून पेटीत ठेवली, पावसाळाभर त्या जागी तट्टे बांधले आणि दिवाळीनंतर गवंड्याने पुन्हा दोन हात रुंद भिंत उभी केली. कोठीची खोली वेगळी झाली. मी आत्याबाईंच्या तोंडून निरोप पाठवला की धान्याला हवा पाहिजे. गवंड्याने झरोका ठेवला, चार बोटांचा.

पण त्याआधी पंचमी होती. चुलतभाऊ न्यायला आला आणि मी माहेरी गेले. आबांशी बोलायचं नाही असं मी वाटेतच ठरवलं होतं. सात महिने! एकदाही थांबावंसं वाटलं नसेल का? पहिला दिवस मी त्यांच्यासमोर पाट मांडला, ताट वाढलं आणि वर बघितलं नाही.

दुसऱ्या दिवशी ते गोठ्यात बैलांना वैरण टाकत होते. मी शेणाची पाटी घेऊन गेले. ते पेंढी सोडत म्हणाले, "तुमची काच फुटली म्हणं."

"फुटली."

"लई वाईट झालं, माय."

मला संताप आला. म्हणजे माझ्या बापालाही त्या काचेचं कौतुक! मी म्हटलं, "त्यात काय वाईट?"

आबा बैलाकडेच बघत बोलले. "आता पुन्हा ते एवढंसं भोक. काच होती तवा बरं व्हतं. तुला मी डोस्क्यापासून पायापस्तोर दिसत आसंन. म्हनलं, आता धाटाची बी गरज न्हाई, तिला समदं दिसतंय. तवा जरा जास्त येळ थांबायचो."

मी पाटी खाली ठेवली.

"तोंड नव्हतो करत तिकडं," ते म्हणाले. "लेकीच्या सासरात बापानं डोळे घालू न्हाईत. पाठ करून हुबा ऱ्हायचो. फागुनात लिंबाची पानं झडलती, ऊन लई लागायचं. पर म्हनलं, माय बघत आसंल, एवढ्यात कावून निघायचं."

बैठकीत घोंगड्या उतरवून मामंजी बसलेले, बाहेर उन्हात आबा पाठ करून उभे आणि मी चार खोल्या मागे, दार लावून, जात्यापाशी. छत्तीस तावदानं होती आमच्यामध्ये.

"पटका बघितलास न्हवं?" आबांनी विचारलं. आता त्यांनी माझ्याकडे बघितलं, जरा लाजून. "नवा घेतला. आख्खा माणूस दिसणार म्हनल्यावर त्यो फाटका कसा बरा दिसंल?"

गोठ्याच्या खांबाला खुंटीवर पटका टांगलेला होता. लाल, काठाला पिवळी रेघ. माझ्या लग्नातही जुनाच बांधून उभा राहिलेला तो माणूस. मी तो पटका त्या क्षणी पहिल्यांदा बघत होते.

"बघितला की," मी म्हणाले. "लई शोभायचा."

"मागून बी?"

"मागून बी."

आबा हसले. पेंढी बैलापुढे टाकली आणि दुसरी आणायला वळले. त्यांच्या बंडीला पाठीवर ठिगळ होतं आणि मानेची कातडी उन्हाने काळी पडली होती. ती पाठ मी तेव्हा नीट बघून घेतली.